समाजशिक्षकाच्या वर्गात सिनेमा कशाला?

अझोव्ह समुद्राच्या काठावरचं तागानरोग आपल्याला माहीत असलंच, तर चेखॉव्हचं जन्मगाव म्हणून. रशियातल्या या शहरातल्या अध्यापन संस्थेत २००२ पासून भावी समाजशिक्षकांना माध्यमशिक्षण, म्हणजे सिनेमा-बातम्या-जाहिराती पारखायला शिकणं, हा स्वतंत्र विषय शिकवला जाऊ लागला. अलेक्सांद्र फ्योदोरोव्ह हे त्यामागचं प्रमुख नाव. या शिक्षणाबद्दलचे काही समज मात्र तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : समाजशिक्षक म्हणजे इतिहास-नागरिकशास्त्राचे सर.

रशियात ‘सोत्सिआल्नी पेदागोग’, म्हणजे समाजशिक्षक, हे पद १९९० मध्ये आलं आणि ते धडे शिकवण्यासाठी नाही. शाळा बुडवणारं मूल, व्यसनानं पोखरलेलं घर, अनाथालयातून आलेली मुलगी, यांच्यात आणि शाळेत दुवा राखणारा हा माणूस. आपल्याकडच्या शाळांत हे काम वर्गशिक्षिका, समुपदेशक आणि एखादा कनवाळू शिपाई यांच्यात वाटलेलं असतं.

गैरसमज : वर्गात सिनेमा लावला, म्हणजे सरांनी तास ढकलला.

नुसता लावला तर हो, ढकललाच! तागानरोगच्या पद्धतीत खरं काम सिनेमा संपल्यावर सुरू होतं. तीच गोष्ट एखाद्या दुय्यम पात्राच्या तोंडून पुन्हा सांगायची. त्याच सिनेमाबद्दल वेगवेगळ्या वयाच्या, स्वभावाच्या प्रेक्षकांच्या वतीनं संपादकाला पत्रं लिहायची. जाहिरातीचं पोस्टर करायचं, पात्रांची भूमिका वठवून वाद घालायचा. कॅमेरा कुठे ठेवला होता, कोणाला बोलू दिलं आणि कोणाला नुसतं दाखवलं, हे या खटाटोपात आपसूक कळू लागतं.

आता हेच समाजशिक्षकाच्या रोजच्या कामाशी ताडून पाहा. मुलगा तीन दिवस शाळेत आला नाही. आई एक सांगते, शेजारीण दुसरं, पोलिसांच्या कागदावर तिसरंच, आणि मुलगा गप्प. चारही बाजू डोक्यात एकाच वेळी धरून ठेवायच्या आणि निकाल घाईनं द्यायचा नाही, ही कुवत व्याख्यानानं येत नाही. ती हात घालून कमवावी लागते, आणि मला वाटतं, सिनेमा हे तिच्यासाठी स्वस्त आणि बिनधोक मैदान आहे. इथे चुकलं तर कोणाचं मूल हातचं जात नाही.

गैरसमज : हे कॉम्प्युटर आल्यानंतरचं खूळ.

फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या गावशिक्षकानं १९२० च्या दशकातच वर्गात छापखाना आणून मुलांकडून मजकूर छापून घेतला होता. माध्यमशिक्षणाबद्दलचा युनेस्कोचा ग्रुनवाल्ड जाहीरनामा १९८२ चा आहे.

गैरसमज : मुलांना वाईट माध्यमांपासून वाचवणं हाच हेतू.

सुरुवातीला तसंच होतं. लस टोचावी तसं. पण माध्यम-अभ्यासक लेन मास्टरमन यांनी १९८५ च्या ‘टीचिंग द मीडिया’ या पुस्तकात वेगळं उद्दिष्ट ठेवलं : शिक्षक शेजारी नसतानाही मुलानं स्वतःच्या बुद्धीनं पारखावं.

गैरसमज : शिकलेला माणूस फसत नाही, नीट वाचलं की झालं.

अमेरिकेत स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. कित्येक विद्वान पानावरच रेंगाळले आणि देखण्या बोधचिन्हाला भुलले. तथ्यतपासनीस मात्र ते पान लगेच सोडून दुसऱ्या टॅबमध्ये गेले आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहून परतले. बारकाईनं वाचण्याआधी, हे वाचण्याजोगं आहे का, ते त्यांनी ठरवलं. भावी शिक्षकांना शिकवता येईल अशी ही सवय आहे. सगळंच खोटं म्हणून हात झटकणं ही मात्र टीकात्मक बुद्धी नव्हे, तो आळस आहे.

गैरसमज : रशिया-अमेरिकेतल्या या गोष्टींचं आपल्याला काय?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं भटक्या समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. त्या काळात देशभर मोबाइलवर एक चित्रफीत फिरत होती : मोटारसायकलवरून येऊन मूल उचलून नेणारे दोघं. ती मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीतली होती. जाहिरातीत पुढे ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवण्याचा संदेश देणारा फलक दाखवतात. फिरणाऱ्या चित्रफितीतून हा शेवट कापलेला होता.