पाण्याचा जमाखर्च मांडणारे सरपंच

मुळशीच्या जलाशयाकांठीं उभें राहिलें म्हणजे आमच्या मनांत दोन विचार हटकून येतात. सह्याद्रीच्या या माथ्यावर पाऊस मुसळधार कोसळतो. परंतु त्या पाण्याचें काय करावयाचें, हें ठरविण्याचा अधिकार तेथील मावळ्यांस मिळाला नाहीं. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध 1921 सालीं सत्याग्रह झाला, सेनापति बापटांनीं तुरुंगवास पत्करला; तरी गांवें बुडालीं तीं बुडालींच, आणि मुळेचें पाणी मुंबईच्या विजेसाठीं कोंकणांत भिऱ्याकडे उतरूं लागलें. दुसरा विचार असा कीं, येथें रिते झालेले ढग पूर्वेस नगर जिल्ह्यांत पोंचतात, तेव्हां त्यांच्यापाशीं देण्यास फारसें कांहीं उरलेलें नसतें. त्या अवर्षणी मुलखांतील हिवरे बाजार या गांवानें मात्र आपल्या थोडक्या पाण्याची मालकी स्वतःकडे राखली. तेथील कारभार तीस वर्षांहून अधिक काळ ज्यांच्या विचारानें चालला, त्या श्री. पोपटराव पवार यांची ओळख वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पोपटराव वाणिज्य विषयाचे उच्च पदवीधर, आणि क्रिकेटचे चांगले खेळाडू. शहराची वाट त्यांस मोकळी होती. गांवाची स्थिति तर अशी कीं, 1972 च्या दुष्काळानंतर शेती खालावली, माणसें पोटासाठीं बाहेर पडलीं, दारू व भांडणें मागें राहिलीं. सरकारी नोकराची तेथें बदली होणें ही शिक्षाच समजली जाई. अशा गांवानें 1989 सालीं या तरुणास बिनविरोध सरपंच केलें.

त्याच जिल्ह्यांतील राळेगणसिद्धीचें उदाहरण डोळ्यांपुढें होतें. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गांवानें स्वीकारली. रोजगार हमीच्या कामांतून व श्रमदानांतून डोंगरउतारांवर समतल चर खणले गेले, झाडें लागलीं, ओढ्यांवर बांध पडले. पुढें आदर्श गांव योजनेचेंही साहाय्य मिळालें.

परंतु पाणी अडविण्यापेक्षां आलेलें पाणी पुरवून वापरणें अधिक कठीण असतें, हें कोणतीही गृहिणी सांगेल. महिन्याच्या मिळकतीची वांटणी ती जशी आधींच करून ठेवते, तशीच हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षीं पाण्याची करते. पाऊस किती पडला, विहिरींस किती पाणी आहे, हें मोजावयाचें; माणसांचें व जनावरांचें पिण्याचें पाणी आधीं बाजूस काढावयाचें; आणि शेष पाहून पिकें ठरवावयाचीं. शेतीसाठीं कूपनलिका नको, ऊंस नको, केळी नको. ज्या नगर जिल्ह्यांत साखर कारखान्यांनीं पैसा आणला, तेथेंच शेतकऱ्यास ऊंस लावूं नको म्हणण्यास किती धैर्य लागलें असेल! फळ मात्र दिसून आलें. 1995 सालीं दारिद्र्यरेषेखालीं असलेलीं 168 कुटुंबें 2010 पर्यंत अवघ्या तिनांवर आलीं. पोटासाठीं बाहेर गेलेलीं कित्येक घरें परत आलीं. 2020 सालीं पोपटरावांस पद्मश्री जाहीर झाली.

तथापि एक शंका आम्ही दडवूं इच्छीत नाहीं. इतकीं वर्षें एकाच माणसाचा शब्द चालणें गांवास हितकर असतें काय? बिनविरोध निवडींत ऐक्य असतें, तसेंच कधीं कधीं मुकाट्यानें मान डोलावणेंही असतें. जानेवारी 2021 मध्यें, तीन दशकांनंतर, हिवरे बाजारांत प्रत्यक्ष मतदान झालें. पोपटरावांच्या बाजूनें सातही जागा जिंकल्या. आम्हांस त्या विजयापेक्षां त्या मतदानाचें मोल अधिक वाटतें. पाण्याचा हिशेब दरवर्षीं चारचौघांत मांडणाऱ्या कारभाऱ्यास आपल्या कारभाराचाही हिशेब मतपेटींत द्यावा लागला, आणि तो उतरला. मुळशीच्या मावळ्यांस आपल्या पाण्याविषयीं असें मत देण्याची संधि कोणीं दिली असती, तर आज त्या जलाशयाकांठीं उभें राहतांना आमचें मन इतकें जड झालें नसतें.