घटस्फोट आणि देण्याघेण्याचा हिशेब

घटस्फोट म्हटला कीं आमच्या पांढरपेशा घरांत अजूनहि आवाज आपोआप खालीं येतो. आणि त्यांत पैशाची गोष्ट निघाली म्हणजे तर तो बंदच होतो. मुलीचे वडील म्हणतात, "आपल्याला त्यांचा पैसा नको, मुलगी सुटली म्हणजे पुरे." मुलाचे वडील म्हणतात, "एकदांची रक्कम देऊन टाका आणि मोकळे व्हा." दोन्ही उद्गार रागाचे आहेत, हिशेबाचा त्यांत लवलेशहि नाहीं. दुधाचा आणि किराण्याचा हिशेब पैपैनें ठेवणारीं हीं घरें सतरा-अठरा वर्षांच्या संसाराचा हिशेब मात्र एका वाक्यांत उरकूं पाहतात, याचें आम्हांस नेहमींच नवल वाटत आलें आहे.

याला कारण आहे. महाराष्ट्रांतील अनेक जातींत काडीमोडीची रीत पूर्वापार होती. पंच बसत, कोणीं काय परत करावयाचें तें ठरे, आणि दोघांनाहि पुन्हा संसार मांडण्याची मोकळीक मिळे. ब्राह्मणांत ती वाट नव्हती. विवाह तुटतच नाहीं असें धरल्यावर, तुटल्यास काय द्यावें याचा विचार कोण करणार? टाकलेली बायको माहेरच्या माजघरांत आयुष्य काढी. बडोदें संस्थानांत हिंदु घटस्फोटाचा कायदा १९३१ सालीं झाला, मुंबई प्रांतांत १९४७ सालीं, आणि पुढें १९५५ चा हिंदु विवाह कायदा आला. हक्क मिळाला, त्याबरोबर यावयाची रीत मात्र आमच्या अद्याप अंगवळणीं पडलेली नाहीं.

शास्त्र याबाबतींत अगदींच मुकें होतें असेंहि नाहीं. आज्ञाधारक, दक्ष, पुत्रवती आणि मधुरभाषिणी अशा पत्नीचा त्याग करणाऱ्याकडून तिला तृतीयांश द्रव्य देववावें, आणि तो निर्धन असल्यास तिचें भरणपोषण करवावें, असें याज्ञवल्क्यस्मृतींत सांगितलें आहे. (इतके सगळे गुण एकीच्याच अंगीं असूनहि तिला टाकणारे पुरुष त्या काळीं होते, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.)

आजचा कायदा असा तृतीयांश ठरवून देत नाहीं. येथेंच पुष्कळ भगिनींची समजूत चुकीची असते. लग्नानंतर घेतलेलें घर आपोआप निम्मे पत्नीचें होतें असें त्यांना वाटतें. गोव्यांत बव्हंशीं तसें आहे; तेथील पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्याप्रमाणें, विवाहापूर्वीं निराळा करार केलेला नसल्यास, पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते व विभक्त होतांना तिचे दोन समान भाग पडतात. महाराष्ट्रांतील हिंदु पत्नीला हा नियम नाहीं. तिचें म्हणून जें आहे तें स्त्रीधन. त्यावर पतीचा किंवा सासरचा हक्क नाहीं, हें सुप्रीम कोर्टानें १९८५ सालीं निःसंदिग्ध शब्दांत सांगितलें आहे. बाकीचें पोटगीच्या रूपानें मागावें लागतें, आणि ती किती हें परिस्थिति पाहून ठरतें. म्हणजे जें बोलाचालीनें ठरेल त्यालाच फार महत्त्व आलें.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत हा प्रसंग नुकताच येऊन गेला. नांवें सांगण्याचें कारण नाहीं. पुण्यांतलें जोडपें, सतरा वर्षांचा संसार, तेरा वर्षांची मुलगी. पत्नी बँकेंत नोकरीला होती. मुलगी झाल्यावर तिनें ती सोडली, आणि मागून सासऱ्यांच्या अर्धांगवायूच्या दुखण्यांत ती पुन्हा धरण्याची वेळ निघून गेली. फ्लॅट एकट्या पतीच्या नांवावर. परंतु तो घेतांना आधीं भरावयाच्या रकमेसाठीं तिच्या पाटल्या आणि तोडे मोडले होते. पतीच्या हातीं येणारा पगार दरमहा १,६०,००० रुपये. त्यानें ३० लाख रुपये एकदांच देऊं केले. पुढें कांहीं मागावयाचें नाहीं.

तीस लाख हा आंकडा तिच्या भावाला पुष्कळ वाटला. क्षणभर आम्हांलाहि वाटला. मग तिनें घरखर्चाच्या वहींत गणित मांडलें. सात टक्के व्याज धरलें तर महिन्याला १७,५०० रुपये येतात. तेवढ्यांत माय-लेकींनीं भाड्याच्या घरांत राहावयाचें, शाळेची फी भरावयाची, आणि मुद्दलाला हात लावावयाचा नाहीं. उलट २०१७ सालच्या एका निकालांत सुप्रीम कोर्टानें पतीच्या निव्वळ पगाराचा चतुर्थांश ही पोटगी योग्य मानली होती. त्या मापानें ४०,००० होतात. हा कांहीं बांधलेला दर नव्हे, परंतु बोलणीं सुरू करावयास टेकू म्हणून पुरेसा आहे.

पतीचेंहि ऐकून घेतलें पाहिजे. घराच्या कर्जाचे १२ लाख अजून फिटावयाचे होते, आईवडिलांची औषधें होतीं. तिच्या एका हितचिंतकानें फौजदारी फिर्यादीचा धाक घालण्याचा सल्ला दिला; तो तिनें ऐकला नाहीं, आणि आमच्या मतें तेथेंच अर्धें काम झालें. बायकांच्या संरक्षणासाठीं केलेले कायदे पतीला धमकावून पैसे उकळण्याचें साधन नव्हेत, असें सुप्रीम कोर्टानें डिसेंबर २०२४ मध्यें बजावलेंच आहे. शिवाय धाकानें मिळालेली कबुली पुढें कोर्टापुढें कितपत टिकते, हा निराळाच प्रश्न.

कुटुंब न्यायालयाचा १९८४ चा कायदा तडजोडीचा प्रयत्न आधीं व्हावा असें सांगतो. त्याप्रमाणें दोघें समुपदेशकांपुढें बसलीं. परंतु पहिल्या दोन बैठका केवळ उखाळ्यापाखाळ्यांत गेल्या. तिसऱ्या बैठकीचा नूर पालटला तो कागदांनीं. नोव्हेंबर २०२० मधील सुप्रीम कोर्टाच्या निर्णयापासून पोटगीच्या दाव्यांत दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणें यांचें प्रतिज्ञापत्र करून द्यावें लागतें. त्यांत पतीची तळेगांवची एक जागा निघाली, जिच्याविषयीं घरांत कोणींच बोललें नव्हतें. आणि पत्नीचीहि, वडिलांनीं गुपचूप ठेवून दिलेली, पांच लाखांची ठेव निघाली! दोघेंहि जरा ओशाळलीं, आणि मग माणसांसारखीं बोलूं लागलीं.

त्याच निर्णयांत पोटगी ठरवितांना पाहावयाच्या गोष्टींत, घरासाठीं आणि मुलांसाठीं पत्नीनें सोडलेल्या नोकरीचाहि उल्लेख आहे. आमच्या गृहस्थाला हें पटावयास फार वेळ लागला. "मीं काय तिला नोकरी सोड म्हटलें होतें?" हा त्याचा प्रश्न. म्हटलें नसेल; पण सासऱ्यांना कूस पालटून देण्यास दिवसभर माणूस ठेवलें असतें तर काय पडलें असतें, हें समुपदेशकबाईंनीं त्याच्याकडूनच कागदावर लिहवून घेतलें. तो आंकडा पाहिल्यावर त्यानें पुन्हा तो प्रश्न विचारला नाहीं.

शेवटीं ठरलें तें असें. फ्लॅट पत्नीच्या नांवें नोंदणीकृत दस्तानें करून द्यावयाचा. कर्जाचे उरलेले १२ लाख पतीनें फेडावयाचे. मुलीचें शिक्षण आणि आरोग्यविमा शिक्षण पुरें होईपर्यंत त्याच्याकडे. तळेगांवची जागा, भविष्यनिर्वाह निधि आणि शेअर्स यांवर पत्नीनें हक्क सांगावयाचा नाहीं. स्वतःसाठीं मासिक रक्कम तिनें मागितली नाहीं. घर हातीं आल्यावर ती एका पतपेढींत कामाला लागली. मासिक पोटगी परिस्थिति पालटल्यास कोर्टाकडून वाढवून किंवा कमी करून घेतां येते, परंतु दरमहा वाट पाहावी लागते आणि ती उत्पन्न समजली जाऊन तिच्यावर आयकर बसतो. एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची मानली जाते. तिला वाट पाहणें नको होतें. दुसरी कोणी मासिक रक्कमच पसंत करील, आणि तेंहि चूक नव्हे. मुलीच्या खर्चाचें कलम मात्र आईच्या हक्कांत मिसळूं दिलें नाहीं, कारण मुलाचा हक्क आईला सोडून देतां येत नाहीं.

एक सावधगिरी वकिलांनीं सुचविली ती सांगण्यासारखी आहे. परस्परसंमतीच्या घटस्फोटांत अर्ज आणि हुकूम यांमध्यें साधारणतः सहा महिन्यांचें अंतर असतें. २०१७ पासून योग्य प्रसंगीं कोर्ट तें माफहि करतें. या काळांत कोणाहि एकाला संमति मागें घेतां येते. म्हणून सगळें देणें आधीं नाहीं आणि सगळें मागाहूनहि नाहीं: अर्जाच्या दिवशीं कर्जाचा मोठा भाग भरल्याची पावती, आणि शेवटच्या तारखेपूर्वीं दस्त.

त्या शेवटच्या तारखेस आम्ही सोबतीला गेलों होतों. स्त्रीधनाची यादी दोन्ही वकिलांनीं पुन्हा एकदां वाचली: चांदीचें ताट, पांच भांडीं, मंगळसूत्र, दोन बिलवर. तळाशीं निराळ्या, थरथरत्या अक्षरांत एक ओळ वाढविलेली होती. लग्नांत सुनेच्या गळ्यांत घातलेली मोहनमाळ. ती कोणीं मागितली नव्हती; सासूबाईंनीं ती डबींत घालून मुलाच्या हातीं पाठविली होती.