मारेगावच्या वावरात वसंत कसा येतो? (निबंध लिहिण्याआधी करायचा परिसर अभ्यास)



'वसंत ऋतू' हा निबंध आपण दरवर्षी मुलांना देतो. वह्या तपासायला घेतल्या की बहुतेकांत तेच ते असते. वसंत ऋतूंचा राजा आहे, बागा फुलतात, कोकिळा गाते, मंद वारा वाहतो. आता आपल्या मारेगाव तालुक्यातल्या चार-पाच एकर कोरडवाहू वावर असलेल्या घरातल्या मुलाचा विचार करा. त्याच्याकडे बाग नाही. फेब्रुवारीत त्याच्या धुऱ्यावरच्या झाडांची पाने झडत असतात. डोळ्यांना दिसते एक आणि गाईडमध्ये छापलेले असते दुसरे. मग ते मूल डोळे बाजूला ठेवते आणि गाईड उतरवते. म्हणून निबंधाआधी हा ऋतू आपल्या वावरात कसा येतो, ते आपणच नीट समजून घेऊ.

१) वसंत नेमका कधी?

पंचांगाप्रमाणे चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. वसंतपंचमी मात्र माघात येते. आणि आपले हवामान खाते? त्यांच्या वर्गवारीत वसंत नाहीच! जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा आणि मार्चपासून मेपर्यंत पूर्वमोसमी काळ. मुले विचारतात, "सर, मग खरं काय?" त्यांना सांगा, पंचांग सणांसाठी आहे आणि हवामान खात्याची वर्गवारी नोंदींसाठी. विदर्भात वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो. त्यामुळे झाडांचा वसंत आपल्याकडे आधीच, माघ-फाल्गुनात सुरू होतो.

डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे दिवस साधारण ११ तासांचा असतो. २१ मार्चच्या सुमारास दिवस-रात्र जवळपास सारखे होतात. दुपार तापते, पहाटे मात्र अजून चादर लागते. हाच ऋतू बदलण्याचा काळ.

२) आधी पानगळ, मग फुले : असे का?

थंड देशांत बर्फ वितळून ऊब आली की पालवी फुटते. तिथे अडचण थंडीची असते. आपल्याकडची अडचण पाण्याची आहे. पाऊस ऑक्टोबरात संपतो. फेब्रुवारीपर्यंत काळ्या मातीतला वरचा ओलावा आटतो, जमिनीला भेगा पडू लागतात. पानांतून पाणी सतत बाहेर जात असते. म्हणून साग, पळस, काटेसावर ही झाडे पाने टाकून पाणी वाचवतात.

आणि उघड्या फांदीवर फूल लांबून दिसते! पळसाच्या केशरी, पोपटाच्या चोचीसारख्या फुलांवर शिंजीर, मैना असे पक्षी मधासाठी येतात आणि परागकण इकडून तिकडे नेतात. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण शिकवायची तर हेच झाड दाखवा. तीन पर्णिकांचे एक पान मुलांच्या हातात द्या.

एक दुरुस्तीही करून घ्या. 'कोकिळा गाते' असे आपण लिहितो, पण 'कुहू कुहू' करतो तो काळा नर कोकीळ. मादी ठिपकेदार असते, तिचा आवाज वेगळा असतो आणि अंडी ती बहुधा कावळ्याच्या घरट्यात घालते.

३) वावरात काय चालते?

तूर निघालेली असते, कुटार रचून ठेवलेले असते. हरभरा सोंगणीला येतो. रोही आणि रानडुकरे पीक खातात म्हणून कुणीतरी जागलीला जाते. आंब्याला मोहोर असतो. नेमक्या याच दिवसांत अवकाळी पावसाची आणि गारांची भीती असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट महाराष्ट्रातले शेतकरी विसरलेले नाहीत. सोंगून ठेवलेल्या हरभऱ्यावर पाऊस पडला तर वर्षाचा हिशोब बदलतो. मोहोर पाहून मुलाला आनंद होतो, आणि ढग पाहून बाप गप्प होतो. हा ऋतू दोन्हींचा आहे.

पराटीचा प्रश्न याच वेळी येतो. पाण्याची सोय असेल तर फरदड ठेवून आणखी थोडा कापूस घ्यावा असे वाटते. पण २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने आपल्या जिल्ह्यात काय केले, ते आपण पाहिले आहे. ही अळी किडक्या बोंडांत, पराटीत सुप्त राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा येते. म्हणून पराटी वेळेत उपटा, असे कृषी विभाग सांगतो. पण हाताशी आलेले चार पैसे सोडणे छोट्या शेतकऱ्याला सोपे नसते, कारण ३१ मार्च जवळ असतो आणि पीककर्ज भरायचे असते. आठवीच्या वर्गात यावर चर्चा घ्या. मुले घरचे ऐकून आलेली असतात, ती छान बोलतात.

४) मोह आणि शाळेची हजेरी

मार्चच्या सुमारास मोह फुलतो. त्याची गोड, मांसल फुले रात्री ते पहाटे खाली पडतात. म्हणून ती अंधारातच वेचायला जावे लागते. अनेक कोलाम आणि गोंड घरांतली मुले मायसोबत जातात आणि शाळेत उशिरा किंवा पेंगत येतात. अशा मुलाला उभे करून रागावू नका. त्याला विचारा, फूल कधी पडते, टोपलीभर वेचायला किती वेळ लागतो, वाळल्यावर किती उरते? त्या दिवशीचा परिसर अभ्यास तोच शिकवेल. पालकांनाही विनंती, वेचून झाल्यावर मुलाला शाळेत नक्की पाठवा. झाडाखालचा पाचोळा पेटवू नका, झाडून घ्या. त्या आगी जंगलात पसरतात.

५) मुलांकडून काय करून घ्यावे?

- प्रत्येकाने घराजवळचे एक झाड निवडावे. पान गळणे, पहिली कळी, पहिले फूल, नवी पालवी यांची तारीख वहीत लिहावी. शाळांना सहभागी होता येईल असा 'सीझनवॉच' हा झाडांच्या नोंदींचा देशव्यापी उपक्रमही आहे.
- आजी-आजोबांना विचारावे : पाडव्याला कडुनिंब का खातात? सालगड्याचे नवे साल पाडव्यापासून का धरतात?
- पळसाची फुले पाण्यात उकळून रंगपंचमीचा रंग करावा.
- विहिरीचे पाणी दर आठवड्याला किती हात खाली गेले, ते मोजावे. हे मोठ्या माणसासोबतच.

इतके झाल्यावर मग निबंध द्या. सुरुवात अशी होऊ शकेल :

*"आमच्या धुऱ्यावरच्या पळसाला आता एकही पान नाही. पण तो लाल झाला आहे. बाबा म्हणतात, पळस फुलला की हरभरा सोंगायचा. काल ढग आले तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून ढीग ताडपत्रीने झाकला. पाऊस आला नाही. माय हसली."*

यात एकही अलंकार नाही, पण वसंत आहे, आणि तो त्या मुलाचा स्वतःचा आहे. शुद्धलेखन आपण नंतर सुधारू शकतो. पण 'माझं वावर निबंधात लिहिण्यासारखं नाही' असे मुलाला एकदा वाटले की ते सुधारायला फार वर्षे लागतात. म्हणून यंदा विषय फळ्यावर लिहिताना 'वसंत ऋतू' ऐवजी 'आमच्या वावरातला वसंत' असे लिहून बघा. वह्या वाचताना फरक कळेल.