हिवाळ्यातील हस्तव्यवसाय : शेतातील वस्तूंचा शाळेत उपयोग

मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास चोपडा तालुक्यातील खळ्यांत ज्वारीचा कडबा रचलेला असतो, कपाशीची वेचणी चालू असते आणि केळीच्या बागांत वाळलेली सोपटे पडलेली असतात. याच दिवसांत शाळांतून नाताळ व संक्रांतीनिमित्त शोभेच्या वस्तू करण्याचा उपक्रम घेतला जातो. त्यासाठी चकचकीत कागद व थर्माकोल विकत आणण्यास सांगितले, की ज्याच्या घरी पैसा नाही ते मूल त्या दिवशी शाळेत येत नाही. आणि ज्याच्या घरी आहे त्याची वस्तू बहुधा पालकच करून देतात. दोघांचेही हात रिकामेच राहतात.

हाताच्या कामातून शिक्षण हा विचार आपल्याकडे नवा नाही. 1937 साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत गांधीजींनी तो मांडला. त्यातील मर्म एवढेच, की वस्तू मुलाच्या परिसरातील असावी व ती करताना त्याने मोजावे, बोलावे, विचार करावा. पुढील तीन कृती या दृष्टीने निवडल्या आहेत.

1. धांड्याचा तारा (इयत्ता 3 री व 4 थी)

येशूच्या जन्माच्या वेळी पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांना एका ताऱ्याने वाट दाखविली, अशी कथा आहे. म्हणून वसई, गोवा इत्यादी भागांत नाताळात घरांवर कागदी तारे टांगतात. ही कथा प्रथम थोडक्यात सांगावी. आकाशकंदील केलेल्या मुलांना ही कृती जड जात नाही.

ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याच्या सालीच्या 23 सेंटिमीटर लांबीच्या सहा काड्या घ्याव्यात. प्रत्येक काडीच्या दोन्ही टोकांपासून 1 सेंटिमीटरवर खूण करावी. मधले अंतर 21 सेंटिमीटर राहील. खुणांवर दोरा बांधून तीन-तीन काड्यांचे दोन त्रिकोण करावेत. एक त्रिकोण दुसऱ्यावर उलटा ठेवून, काड्या जेथे एकमेकींस छेदतात त्या सहा ठिकाणी दोरा बांधावा. बांधण्यापूर्वी मुलांकडून अंतर मोजून घ्यावे. प्रत्येक बाजूचे 7 सेंटिमीटरचे तीन समान भाग झालेले दिसले, तर तारा नीट बसला. समभुज त्रिकोण फळ्यावर शिकविण्यापेक्षा येथे तो लवकर उमगतो. शेवटी पतंगाचा कागद खळीने चिकटवावा.

2. धांड्याची बैलगाडी (इयत्ता 2 री ते 4 थी)

हे खेळणे खेड्यातील मुलांच्या परंपरेतीलच आहे. धांड्याची साल काढल्यावर आतील मऊ गाभ्याच्या चकत्या चाकांसाठी कापाव्यात आणि सालीच्या बारीक काड्या आस, जू व दांड्या म्हणून गाभ्यात टोचाव्यात. डिंक लागत नाही. येथे शिक्षकाने नमुना पुढे ठेवू नये. वर्गात गाडी करता येणारे एखादे मूल असतेच. त्यालाच इतरांना शिकवू द्यावे. वेचणीच्या दिवसांत आईबापांबरोबर शेतात जाणारे व म्हणून अभ्यासात मागे पडलेले मूल पुष्कळदा या कामात सर्वांच्या पुढे असते. त्या एका तासापुरता तो वर्गाचा गुरू होतो. आपल्याला काही येते, हे त्याला व वर्गालाही कळते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येण्यास त्याला कारण मिळते. गाडीच्या भागांची नावे मुलांकडून घरच्या बोलीत, अहिराणीत वा पावरीत, वदवून मग प्रमाण भाषेतील शब्द फळ्यावर लिहावेत.

3. सोपटाचे आसन (सर्व इयत्ता)

केळीचे वाळलेले सोपट पाणी शिंपडून थोडे नरम करावे व बोटभर रुंदीच्या पट्ट्या काढाव्यात. तीन पट्ट्यांची वेणी घालावी, ती चक्राकार गुंडाळून सुईदोऱ्याने टाचावी. संक्रांतीला तिळगुळाची वाटी ठेवण्यास हे आसन शोभते. ओले सोपट घेऊ नये. केळीच्या चिकाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत.

दक्षता

धांड्याच्या सालीची कड पात्यासारखी कापते. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी साल शिक्षकाने स्वतः काढावी. अलीकडे फवारणी झालेल्या शेतातून काहीही आणू नये आणि काम संपताच हात साबणाने धुववावेत. खळ गव्हाच्या पिठाची, त्या दिवसापुरतीच करावी. ती टिकावी म्हणून त्यात मोरचूद घालण्याची जुनी रीत मुलांच्या कामात सर्वथा टाळावी, कारण ते विष आहे.

मांडणी

24 डिसेंबर हा साने गुरुजींचा जन्मदिन. 1924 ते 1930 या काळात तापीपलीकडील अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिक्षक होते व तेथील वसतिगृहात ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढीत. त्या दिवशी आपणही एक भित्तिपत्र लावावे. प्रत्येक मुलाने आपली वस्तू कशी केली ते पाच वाक्यांत लिहावे. पहिलीच्या मुलाने चित्र काढले तरी चालेल.

वस्तूंना क्रमांक देऊ नयेत. तारा थोडा वाकडा झाला तर तो सरळ करून देण्याचा मोह शिक्षकाने आवरावा. कोठे चुकले ते मुलानेच मोजून शोधावे. संक्रांतीनंतर वस्तू शाळेच्या कपाटात न ठेवता ज्याची त्याला घरी नेऊ द्यावी. दाराशी टांगलेल्या त्या ताऱ्यावरून आपले मूल शाळेत काय शिकते, हे पालकांना कळेल.