काचेतून दिसणारे पेट्रोल

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, किंगमन शहरापासून सुमारे 45 किलोमीटरवर, जुन्या रूट 66 महामार्गाच्या कडेला हॅकबेरी जनरल स्टोअर नावाचे दुकान आहे. आत थंड पेये आणि प्रवासाची आठवण म्हणून नेण्याजोग्या वस्तू मिळतात. बाहेर जुन्या मोटारी आणि जुने पेट्रोल पंप मांडून ठेवलेले आहेत. या पंपांतून आता पेट्रोलचा थेंबही येत नाही. तरी त्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढल्याशिवाय तिथून क्वचितच कोणी पुढे जाते.

जुन्या पंपांमध्ये सर्वांत देखणा होता तो काचेचा. माणसाच्या उंचीच्या वर जाणारा लोखंडी खांब, त्यावर दहा गॅलनचे, म्हणजे सुमारे 38 लिटरचे, काचेचे नळकांडे, त्याच्याही माथ्यावर कंपनीचे चिन्ह असलेला दुधी काचेचा दिवा आणि बाजूला एक लांब दांडा. अमेरिकेत त्याला ‘व्हिजिबल पंप’ म्हणत. पंपवाला दांडा मागेपुढे ओढू लागला, की जमिनीखालच्या टाकीतले पेट्रोल काचेत चढायला लागे. ते ठरलेल्या पातळीला पोचले, की जास्तीचे पेट्रोल आतल्या नळीतून पुन्हा टाकीत जाई. काचेच्या आत गॅलनचे आकडे वरून खाली लावलेले असत. गिऱ्हाइकाने चार गॅलन मागितले, की पातळी चाराच्या आकड्यापर्यंत उतरेतो रबरी नळी उघडी ठेवायची. काचेतून गाडीत पेट्रोल आपल्याच वजनाने उतरे. या कामाला वीज लागत नसे. त्यामुळे विजेचे खांब जिथे पोचले नव्हते, अशा वाळवंटातल्या आणि माळरानावरच्या रस्त्यांवरही हा पंप चालला.

ही एवढी नाजूक, फुटण्याजोगी काच पेट्रोलसारख्या ज्वालाग्राही पदार्थासाठी कशाला वापरली असेल? कारण गिऱ्हाइकाचा विश्वास नव्हता. 

पंपाची सुरुवात मोटारीच्याही आधी, रॉकेलपासून होते. इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन या गावी सिल्व्हेनस बाउझर याने 1885 मध्ये जेक गम्पर नावाच्या किराणा दुकानदाराला एक यंत्र विकले. गम्परच्या दुकानात रॉकेलचे पिंप गळे आणि शेजारच्या लोण्याला त्याचा वास लागे, असे सांगतात. बाउझरने पिंपाला लाकडी दट्ट्या आणि झडपा बसवल्या. दांडा ओढला, की ठरावीक माप बाहेर येई. मोटारी आल्यावर 1905 मध्ये त्याने हीच कल्पना पेट्रोलसाठी वापरली आणि पंपाला रबरी नळी जोडली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये त्याच्या नावावरून पेट्रोल पंपालाच ‘बाउझर’ म्हणू लागले. पुढे वेन आणि टोकहाइम या पंप बनवणाऱ्या कंपन्याही याच फोर्ट वेनमध्ये नांदल्या.

पंप येण्यापूर्वी मोटारीचे पेट्रोल मिळवणे हा एक उद्योगच होता. 1888 मध्ये जर्मनीत बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्टसहाइमला मोटारीने निघाली, तेव्हा वाटेत वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून तिने इंधन म्हणून लिग्रोईन विकत घेतले. अमेरिकेतही औषधाची दुकाने, लोहाराची भट्टी, किराणा दुकान असे कुठेही डबा भरून पेट्रोल मिळे आणि ते मऊ कातड्यातून गाळत गाडीत ओतावे लागे. ते किती भरले, त्यात पाणी किती, गाळ किती, हे विक्रेत्यालाच ठाऊक. सुरुवातीचे पंपही बंद पेटीसारखे होते. नळीतून काय येते आहे आणि किती, हे दिसत नसे. 1910 नंतर आलेल्या आणि 1920 च्या दशकात सर्वत्र पसरलेल्या काचेच्या पंपाने व्यवहार गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर आणला. पैसे मोजण्याआधी माल बघता येऊ लागला.

कंपन्यांनी या दिसण्याचा लगेच फायदा उठवला. पेट्रोलमध्ये रंग मिसळून विक्री होऊ लागली. सनोको कंपनीचे पेट्रोल निळे, तर ‘एथिल’ तांबडे. उन्हात झळकणारा तो रंग आणि रात्री माथ्यावर पेटलेला दिवा या दोन खुणा प्रवाशांना लांबूनच दिसत.

पण काचेतून सगळेच दिसत नव्हते. एथिलमध्ये टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे संयुग होते. इंजिनाची ठोठो थांबवणारे हे पेट्रोल फेब्रुवारी 1923 मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात पहिल्यांदा विकले गेले. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे संयुग बनवणारे कामगार विषबाधेने भ्रमिष्ट होऊन दगावले. तरीही शिसे पंपांतून वाहत राहिले. ते जगभरातल्या वाहनांच्या पेट्रोलमधून पूर्णपणे हटायला 2021 साल उजाडले. जुन्या पंपांवर प्रेम करणाऱ्यांनी हा भाग वगळून चालणार नाही.

या पंपांचा खरा संसार मांडला गेला तो रूट 66 वर. शिकागोपासून पॅसिफिकच्या किनाऱ्यावरील सँटा मोनिकापर्यंत जाणारा, सुमारे 3,900 किलोमीटरचा हा महामार्ग 1926 मध्ये जाहीर झाला. तो पूर्ण पक्का व्हायला 1938 उजाडले. 1930 च्या दशकातल्या मंदीत आणि धुळीच्या वादळांत उद्ध्वस्त झालेली ओक्लाहोमाकडची शेतकरी कुटुंबे याच रस्त्याने कॅलिफोर्नियाला गेली. त्यांच्यासाठी पंप म्हणजे पेट्रोल, हवा, पाणी आणि पुढच्या रस्त्याची खबर मिळण्याची जागा होती.

अ‍ॅरिझोनातल्या ओटमनचा घाट हा या रस्त्यावरचा सर्वांत धास्तीचा भाग. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पेट्रोलला इंजिनापर्यंत ढकलणारा पंप नव्हता. टाकी सीटखाली, आणि पेट्रोल उतारानेच इंजिनाकडे जाई. चढ फार तीव्र झाला, की इंजिन टाकीपेक्षा उंच होई आणि पेट्रोल पोचेनासे होई. मग चालक गाडी वळवत आणि उलट्या गिअरमध्ये, पाठमोरे, घाट चढत. या चढाच्या पायथ्याशी कूल स्प्रिंग्ज नावाचा दगडी पंप होता. मोहावी वाळवंटात शिरण्यापूर्वी लोक कॅनव्हासच्या पिशव्या पाण्याने भरून गाडीच्या पुढच्या बाजूला टांगत. 1952 मध्ये महामार्गाने वाट बदलली, ओटमनचा घाट टळला आणि कूल स्प्रिंग्जची वर्दळ संपली. 1960 च्या दशकात तो जळाला. आज तिथे दिसते ती जुन्या पायावर पुन्हा उभारलेली इमारत.

गाडी आवारात शिरताना जमिनीवरच्या रबरी नळीवरून गेली, की घंटा वाजे आणि पंपवाला बाहेर येई. पेट्रोल भरता भरता तो काच पुसे, तेल बघे, चाकांत हवा भरे. नकाशा फुकट मिळे. ही पद्धत 1913 मध्ये पिट्सबर्गला गल्फ कंपनीने खास मोटारींसाठी बांधलेल्या पंपापासून रूढ होत गेली. आडरस्त्यावर मात्र हे काम बहुधा एकाच कुटुंबाच्या अंगावर असे. ओक्लाहोमात हायड्रो गावाजवळ ल्युसिल हॅमन्स यांनी 1941 मध्ये पंप आणि प्रवाशांच्या खोल्या चालवायला घेतल्या आणि 2000 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिल्या. इलिनॉयमधल्या माउंट ऑलिव्ह गावी सोल्सबी कुटुंबाने 1926 मध्ये सुरू केलेल्या शेल पंपावर 1991 पर्यंत पेट्रोल मिळत होते.

हा रस्ता सगळ्यांना सारखा नव्हता. कृष्णवर्णीय कुटुंबांना कित्येक पंपांवर शौचालय वापरू देत नसत, जेवण मिळत नसे, काही गावांत अंधार पडल्यावर थांबणेही धोक्याचे असे. न्यूयॉर्कमधले टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्युगो ग्रीन यांनी 1936 पासून त्यांच्यासाठी सुरक्षित ठिकाणांची मार्गदर्शिका छापली. ही ‘ग्रीन बुक’ एस्सो कंपनीच्या पंपांवर मिळे. ज्या पंपावर ती मिळे, तिथे त्या कुटुंबांना निदान पाय टेकता येत.

यंत्र म्हणून काचेच्या पंपाचा काळ थोडाच ठरला. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला वेन कंपनीने पेट्रोल आणि रक्कम दोन्ही आकड्यांच्या चकत्यांवर दाखवणारा पंप आणला. आता भरवसा काचेवरून चकतीवर गेला. फिरत्या आकड्यांचे हे पंप आडगावात पुढे कित्येक दशके टिकले. ते बांधले गेले तेव्हा गॅलनला एक डॉलर दर होईल, असे कोणाच्या मनात आले नव्हते. 1979 मध्ये दर डॉलरवर गेला, तेव्हा अनेक पंपवाल्यांना अर्ध्या गॅलनचा भाव लावून शेवटी रक्कम दुप्पट करावी लागली. 2008 मध्ये दर चार डॉलरला भिडला, तेव्हा उरल्यासुरल्या यांत्रिक पंपांवर पुन्हा हीच वेळ आली.

आडरस्त्यावरच्या पंपांवर खरा घाव मात्र दोन दिशांनी आला. नवे द्रुतगती मार्ग गावांना वळसा घालून गेले. 1973 मध्ये नवा महामार्ग खुला झाल्यावर मोहावीतल्या अँबॉय गावाची रहदारी जवळजवळ थांबली आणि 1985 मध्ये रूट 66 महामार्गांच्या यादीतूनच वगळला गेला. दुसरे कारण जमिनीखाली होते. गंजलेल्या टाक्यांमधून गळणाऱ्या पेट्रोलने भूजल दूषित होत होते. डिसेंबर 1998 पर्यंत टाक्या सुधारा किंवा बंद करा, असा नियम आला. तो आवश्यकच होता. पण दिवसाला मोजक्या गाड्या येणाऱ्या पंपाला नव्या टाकीचा खर्च पेलणारा नव्हता.

असे पंप ओस पडत गेले, तरी चित्रांत आणि आठवणींच्या दुकानांत ते उरले. चित्रकार एडवर्ड हॉपर यांनी 1940 मध्ये रंगवलेल्या ‘गॅस’ या चित्रात रानाच्या कडेला तीन तांबडे पंप आणि एक एकटा माणूस आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ते पाहायला मिळते. सुरुवातीला पाहिलेले हॅकबेरीचे दुकानही 1978 मध्ये बंद पडले होते. 1992 मध्ये बॉब वॉल्डमायर या चित्रकाराने ते पुन्हा उघडले.

दूरच्या रस्त्यावर पंप दिसल्याचा दिलासा पुण्या-मुंबईहून लडाख-स्पितीला जाणाऱ्या दुचाकीस्वारांना वेगळा सांगायला नको. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपापाशी ‘पुढचा पंप 365 किलोमीटरवर’ अशा अर्थाचा फलक कित्येक वर्षे होता आणि तिथे टाकीबरोबर कॅनही भरून घेतले जात. आपल्याकडे आजही माणूसच पेट्रोल भरतो आणि ‘झिरो बघा’ म्हणतो. तो शून्य आता इलेक्ट्रॉनिक आहे. त्याच्या मागे काय चालते ते दिसत नाही. 2017 मध्ये उत्तर प्रदेशात आणि नंतर ठाणे पोलिसांच्या तपासात महाराष्ट्रातही पंपांत चिप बसवून माप मारल्याची प्रकरणे उघडकीस आली. शंभर वर्षांपूर्वी ज्या अविश्वासातून काचेचा पंप जन्मला, तो संपलेला नाही.

काच गेली, पण तपासण्याचा हक्क शाबूत आहे. भारतातल्या प्रत्येक पेट्रोल पंपावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप ठेवणे बंधनकारक आहे. शंका आली, तर त्यात पेट्रोल मोजून दाखवायला कोणताही ग्राहक सांगू शकतो. वाचकांनी पुढच्या प्रवासात ते माप जरूर मागावे.