दगडाचे मखर

गणेशोत्सवात मूर्तीभोवती मखर उभारतात. चार खांब, त्यांवर कमानी, कमानींवर निमुळते शिखर आणि जागा मिळेल तेथे नक्षी, असे त्याचे रूप तुमच्या परिचयाचे आहे. असेच एक मखर लंडनमधील केन्सिंग्टन उद्यानात उभे आहे. मात्र ते दगडाचे व धातूचे असून त्याची उंची १७६ फूट आहे. त्याखाली बसलेली मूर्ती देवाची नव्हे. ती व्हिक्टोरिया राणीचे पती राजपुत्र अल्बर्ट यांची आहे. म्हणून या वास्तूला अल्बर्ट स्मारक म्हणतात.

अल्बर्ट मूळचे जर्मनीतील. १८४० साली त्यांचा राणीशी विवाह झाला. राज्य राणीचे, त्यांच्या हाती सत्ता अशी नव्हतीच. त्यांनी आपले लक्ष विद्या, कला आणि उद्योग यांकडे वळविले. १८५१ मध्ये जवळच्याच हाइड पार्कमध्ये जे जागतिक प्रदर्शन भरले, त्याचे ते मोठे पुरस्कर्ते होते. साठ लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले, आणि त्याच्या नफ्यातून उद्यानाच्या दक्षिणेस संग्रहालये व विद्यालये यांसाठी जमीन घेण्यात आली. त्या प्रदर्शनाच्या स्मरणार्थ अल्बर्ट यांचा पुतळा उभारावा, अशी सूचना पुढे आली, तेव्हा १८५३ साली त्यांनी ती मोडून काढली. घोड्यावरून रपेट करताना आपलेच तोंड समोर दिसावे, हे त्यांना रुचेना. शिवाय पुतळा बेढब निघाला तर लोक कायमचे हसत राहतील, असेही त्यांना वाटे. परंतु १८६१ मध्ये, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी, ते निवर्तले. शोकाकुल राणीच्या राज्यात हा नकार कोण मनावर घेणार!

स्मारकाचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. मुंबईचा राजाबाई मनोरा याच स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून रेखाटला. मुंबई त्यांनी कधी पाहिली नाही. मध्ययुगात सोनार पवित्र वस्तूंसाठी देवळाच्या आकाराच्या रत्नजडित पेट्या घडवीत. तशी एक पेटी खऱ्या इमारतीएवढी करावी, ही स्कॉट यांची कल्पना.

कल्पना सुंदर, पण अडचणीची. कमान आपल्यावरील भाराने खांबांना बाहेर रेटीत असते. देवळाच्या भिंती तो रेटा सोसतात. येथे तर चारही बाजू मोकळ्या! यावर उपाय असा केला की, कमानींच्या वर लोखंडी तुळयांचा एक प्रचंड क्रूस आडवा बसविला. शिखराचा भार तो पेलतो आणि सरळ खाली, चार खांबांच्या झुबक्यांवर उतरवितो. पायऱ्यांच्या पोटात विटांच्या कमानींची रांगच रांग आहे. वरची सारी शोभा ज्यांच्या बळावर उभी आहे, ते लोखंड आणि त्या विटा पाहणाऱ्याला दिसत नाहीत.

दिसते ती शिल्पे. चौथऱ्याभोवती कवी, संगीतकार, चित्रकार, शिल्पकार व वास्तुकार यांच्या १६९ आकृती कोरल्या आहेत. कवींच्या मधोमध होमर, सोबत शेक्सपिअर आणि दान्ते. बाहेरच्या चार कोपऱ्यांवर चार खंडांचे शिल्पसमूह आहेत. त्यांत आशिया म्हणजे हत्तीवर बसलेली स्त्री. ‘शाकुंतला’चे इंग्रजी भाषांतर १७८९ सालीच झाले होते. तरीही हत्तीला जेथे जागा मिळाली, तेथे कालिदासाला मात्र मिळाली नाही, ही गोष्ट मला खटकल्यावाचून राहत नाही.

स्मारक १८७२ मध्ये खुले झाले. पुतळा मात्र १८७६ पर्यंत लोकांना दिसला नाही. मूर्तिकार जॉन हेन्री फोली हे काम पुरे होण्यापूर्वीच वारले होते. सोन्याचा मुलामा दिलेला हा पुतळा पुढे काळा पडला. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना तो दिसू नये म्हणून काळा केला, अशी दंतकथा रूढ होती. तपासात आढळले ते निराळेच : काळा थर बहुधा युद्धापूर्वीचाच असावा, आणि मूळचे सोने लंडनच्या धुराने खाल्ले असावे. पाण्याने त्याहून मोठे नुकसान केले. सांध्यांतून ते आत झिरपे, लोखंड गंजे; गंजलेले लोखंड फुगते आणि भोवतालचे सारे ढिले करते. अशा रीतीने जे डोळ्यांआड होते, तेच प्रथम खचू लागले. अल्बर्ट यांना हसण्याचे भय होते, ते विसाव्या शतकात खरेही ठरले. या नक्षीची थट्टा करणारे पुष्कळ निघाले. तरीही १९९० च्या दशकात कारागिरांनी परांची बांधून लोखंड, शिसे, काच व दगड यांची कसून दुरुस्ती केली. ऑक्टोबर १९९८ मध्ये पडदा दूर झाला, तेव्हा पुतळा पुन्हा सोन्याने झळकत होता.

आज अल्बर्ट दक्षिणेकडे, त्या संग्रहालयांच्या दिशेस तोंड करून बसले आहेत. हातात ना तलवार, ना राजदंड. १८५१ च्या प्रदर्शनाची वस्तुसूची तेवढी आहे.