साडेआठची रेघ

सकाळी साडेआठला मी पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलतो. माझं घड्याळ दोन मिनिटं पुढे असतं, म्हणून तेवढं थांबतो. शेजारी हसतात. अंगणाच्या मोकळ्या कोपऱ्यात, जमिनीपासून फूटभर उंच काठाचं ते फायबरचं नळकांडं त्यांच्या लेखी 'सरांचं टमरेल' आहे. कडुलिंबापासून ते इतकं लांब का ठेवलं, हा प्रश्न मला दर पावसाळ्यात एकदा तरी येतो. झाडाची जेवढी उंची, त्याच्या निदान दुप्पट अंतर हवं, नाहीतर पाऊस फांद्यांवर अडतो आणि मग थेंबाथेंबाने उशिरा गळतो.

काम पाच मिनिटांचं. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ 200 चौरस सेंटिमीटर. बाटलीत 20 मिलिलिटर पाणी जमलं म्हणजे एक मिलिमीटर पाऊस झाला. पाणी मोजकाचेत ओतायचं, काच सपाट फळीवर ठेवायची, गुडघे टेकून डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा. पाण्याची कड काचेला धरून थोडी वर चढलेली असते. ती नाही वाचायची, मधला खोलगट भाग वाचायचा. उभ्या उभ्या बघितलं की आकडा चुकतोच. मग वहीत तारीख, आकडा आणि पुढे शेरा. पाऊस नसेल तर सरकारी कागदावर लिहितात तसं 'निरंक'. कधी नरसाळ्याच्या जाळीत कडुलिंबाची पानं अडकतात, कधी मुंग्या. एकदा बेडकाचं पिल्लू आत बसून होतं. त्या दिवशीच्या आकड्यापुढे मी तसा शेरा मारला आहे.

साडेआठच का? कारण देशभरात पावसाचा दिवस तेव्हाच संपतो. आज सकाळी साडेआठपर्यंतच्या 24 तासांतला पाऊस आजच्या तारखेवर पडतो. म्हणजे काल दुपारी चिंब झालेलं रान आज भिजल्याची नोंद होते. आमच्या ढोकीत यावरून पारावर वाद झालेले मी ऐकले आहेत. खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, पुढे आहे. महसुलाच्या भाषेत मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. समजा, पहाटे पाचला पाऊस सुरू झाला आणि दुपारी बारापर्यंत धो धो कोसळला. सात तासांत 90 मिलिमीटर. पण साडेआठला रेघ ओढली गेली. अलीकडे 45, पलीकडे 45. वहीत दोन साधे पावसाळी दिवस दिसतात. ओढ्याला मात्र एकच पूर येतो. त्याला रेघ ठाऊक नसते.

दुसरी अडचण जागेची. ढोकी हे महसूल मंडळ आहे. मंडळागणिक 'महावेध' प्रकल्पातलं स्वयंचलित हवामान केंद्र, आणि एका मंडळात अनेक गावं. आमच्याकडचा वळीव तर बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरं कोरडं ठेवतो अशी त्याची ख्याती. एका ठिकाणच्या आकड्याने सगळ्या शिवाराबद्दल बोलायचं, हे यंत्राला जमतं. माणसाला जड जातं. म्हणून मी टमरेलापाशी थांबत नाही. आकडा लिहिला की चप्पल घालून ओढ्यावर जातो.

आमचा ओढा तेरणेला मिळतो. नळीच्या पुलाच्या खांबावर मी ऑईलपेंटने वीत-वीत अंतरावर लाल रेघा मारल्या आहेत. पहिल्या वर्षी पोरांनी त्यावर क्रिकेटचे स्टंप काढले, तेही राहू दिले. इथे जे दिसतं ते काचेत दिसत नाही. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशा. अशा रानावरचा पहिला मोठा पाऊस भेगाच पितात. टमरेलात चांगला आकडा येतो आणि ओढ्यात नुसती ओल. पुढे माती फुगते, भेगा मिटतात. रान पोटभर प्यालं की त्याच मापाचा पाऊस वरच्या वर पळू लागतो. जूनमध्ये ज्या पावसाने पहिली रेघही भिजली नाही, तेवढ्याच पावसाने सप्टेंबरात पाणी चौथ्या रेघेला लागतं.

रंगही बघायचा. पहिलं पाणी येतं ते पिठल्यासारखं दाट, वर फेस, काडीकचरा, बाभळीच्या शेंगा. ते पाणी म्हणजे कुणाच्या तरी बांधाखालची माती असते. चार-सहा तासांनी ते पातळ होतं. पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांनीही ओढा वाहत असेल आणि तळाचे गोटे दिसत असतील, तर ते पाझराचं पाणी. विहिरींना आता धीर आला असं समजायचं. आमच्याकडे ओढा निवळ वाहायला लागला की लोक आवाज खाली आणून बोलतात, दृष्ट लागू नये म्हणून.

2025 साली या वहीची सगळी शिस्त मोडली. नैर्ऋत्य मोसमी पाऊस 24 मेला केरळात आणि 26 मेला मुंबईत पोचला. आमच्याकडेही मेच्या उत्तरार्धातच आभाळ फाटायला लागलं. रोहिणी 25 मेच्या सुमारास लागते, मृग 8 जूनच्या आसपास. मृगाआधीच नांगरटीत पाणी साचलं. 'निरंक' लिहायच्या पानांवर आकडे आले. ज्यांची मशागत झाली नव्हती त्यांना वाफसाच मिळेना. मग मिरग लागला आणि पावसाने पाठ फिरवली. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मी सकाळी कोरडी बाटली उलटी करून ठेवत होतो. शेजारचे तात्या कुंपणावरून म्हणाले, "सर, ह्ये पावसाळ्याचं साल उलटं शिवलंय कुणीतरी."

उत्तरा नक्षत्रात, सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, ते उसवलं. सोयाबीन शेंगांत भरलेलं, कुठे काढणीला आलेलं. पावसाला उघडीप नाही. अशा वेळी सोयाबीन उभ्या झाडावर शेंगेतच कोंब धरतं. बाहेरून शेंग चांगली दिसते, सोलली की आत पांढरं शेपूट. तात्यांनी अशा दोन शेंगा माझ्या वहीवर आणून ठेवल्या. "तुमच्या काचंत किती बी येऊ द्या. माझ्या रानात पिंढरीएवढं हाय." त्या पानावर अजून ओलाव्याचा डाग आहे. माझ्या लाल रेघा संपल्या आणि पाणी पुलावरून गेलं. त्या दिवशीची नोंद मला फक्त 'रेघांच्या वर' अशीच करता आली.

21 आणि 22 सप्टेंबरला भूम आणि परंडा तालुक्यांतून बातम्या येऊ लागल्या. तिकडे घरांच्या छपरांवर अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने उचललं. ढोकीत बसून ते फोनवर बघताना एक गोष्ट ध्यानात येत होती. आमचा जिल्हा बालाघाटच्या पाठीवर बसलेला आहे. पश्चिमेकडचं, परंड्याचं पाणी सीनेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत जातं. आमचं तेरणेतून निलंग्याकडे उतरून मांजरेत, मग बीदरवरून तेलंगणात निजामसागराला, आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीत. एकाच ढगाचं पाणी डोंगराच्या कण्यावर दोन वाटांनी फुटतं आणि शेवटी जातं एकाच समुद्राला. आणि तो ढगही बहुतेक वेळा त्याच समुद्रावरून, बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्याला धरून आलेला असतो. ढोकीपासून समुद्र शेकडो किलोमीटर. पण आमच्या सप्टेंबरचा हिशोब तिकडेच लिहिला जातो.

ही सोयरीक जुनी आहे. जवळचं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात तगरहून भडोच बंदराकडे जाणाऱ्या मालाची यादी आहे. जाडंभरडं कापड, मलमल, आणि किनाऱ्याच्या प्रदेशांतून तगरला आलेला इतर माल. त्या काळची जहाजंही याच मोसमी वाऱ्याच्या भरवशावर होती. तेरच्या संग्रहालयात गेलो की मला मातीच्या दिव्यांपेक्षा त्या व्यापाऱ्यांची नोंदवही बघायला आवडली असती. वारा उशिरा आला त्या वर्षी त्यांनी शेऱ्यात काय लिहिलं असेल?

समुद्राकडे आमचं काय जातं, हा प्रश्न मला पुलावर उभं राहून पडतो. पाणी जातं. पिठल्याच्या रंगाची ती माती मात्र फारशी पोचत नाही. आधी तेरचं तेरणा धरण, पुढे माकणीचं निम्न तेरणा, मग निजामसागर, श्रीरामसागर. जिथे पाणी थांबतं तिथे गाळ बसतो. गोदावरी आणि कृष्णेच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश याच गाळावर वाढले. तो अडल्यामुळे तिकडचा किनारा काही भागांत खचतो, समुद्र आत येतो. इकडे आम्ही 2017 पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' म्हणत तोच गाळ ट्रॅक्टरने परत रानात टाकतो. आमच्या दृष्टीने ते शहाणपणच आहे. माझ्या भावाने स्वतःच्या दोन एकरांत पंधरा खेपा टाकल्या. किनाऱ्यावरच्या माणसाला विचारलं तर त्याचं म्हणणं वेगळं असेल.

दोन एकरांवरून आठवलं. 65 मिलिमीटर पाऊस दोन एकरांवर पडला तर सव्वापाच लाख लिटर पाणी होतं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, ती याच ढोकीच्या रुळांवरून. दहा वाघिणी, प्रत्येकीत 50,000 लिटर. पाच लाख. कृष्णेचं पाणी तेव्हा चाकांवर बसून डोंगराचा कणा ओलांडून मांजरेच्या खोऱ्यात आलं होतं. तेव्हा आम्ही फाटकापाशी उभं राहून वाघिणी मोजल्या होत्या. दोन एकरांवरचा एका अतिवृष्टीचा पाऊस म्हणजे ती अख्खी गाडी. 2025 च्या सप्टेंबरात अशा किती गाड्या माझ्या पुलावरून गेल्या, ते गणित मी एकदा वहीच्या मागच्या पानावर मांडायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं. बाहेर तात्या भिजलेल्या सोयाबीनची गंजी उलटीपालटी करत होते. मी उठून ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं.

पुढे पावसाने उसंत घेतली तेव्हाची एक नोंद आहे. रात्रभर चांदणं होतं. साडेआठला नरसाळं काढलं, बाटली कोरडी. तारखेपुढे 'निरंक' लिहिलं आणि ओढ्यावर गेलो. वर कुठेतरी, दुसऱ्या कुणाच्या शिवारात, रात्री पडून गेला होता. पाणी तिसऱ्या रेघेवर होतं आणि चढत होतं.